‘तिकीट टू वर्क’ : अमेरिकेतील अपंग-रोजगार योजनेचा चिकित्सक परामर्श

अपंग व्यक्तीला निर्वाहासाठी भत्ता देणे आणि तिला रोजगाराकडे वळविणे ही दोन्ही उद्दिष्टे एकाच शासनयंत्रणेला साधता येतात, असे कल्याणकारी राज्याच्या चर्चेत सामान्यतः गृहीत धरले जाते. अमेरिकेतील ‘तिकीट टू वर्क’ या योजनेच्या आधारे हे गृहीतक तपासण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

१७ डिसेंबर १९९९ रोजी राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांनी संबंधित कायद्यावर स्वाक्षरी केली व २००२ पासून योजना टप्प्याटप्प्याने लागू झाली. १८ ते ६४ वयोगटातील भत्ताधारक आपले ‘तिकीट’ घेऊन राज्याच्या व्यावसायिक पुनर्वसन यंत्रणेकडे अथवा रोजगारसेवा देणाऱ्या नोंदणीकृत संस्थेकडे जाऊ शकतो. सहभाग ऐच्छिक आहे, हा योजनेचा निःसंशय गुण होय.

खरा पेच मात्र तिकिटाच्या आधीचा आहे. भत्ता मिळविण्यासाठी अर्जदाराला, किमान १२ महिने टिकणाऱ्या अथवा मृत्यू ओढवू शकणाऱ्या व्याधीमुळे आपण भरीव काम करण्यास असमर्थ आहोत, हे सिद्ध करावे लागते. अर्ज फेटाळला गेल्यास अपिलात आणखी काळ जातो. असमर्थता शाबीत करण्यात ज्याने एवढी शक्ती वेचली, त्यालाच मग सामर्थ्य दाखविण्याचे निमंत्रण दिले जाते!

ते स्वीकारणाऱ्यापुढे हिशेबाची अडचण उभी राहते. विमाधारित भत्त्यात नऊ महिने चाचणी म्हणून कितीही कमावता येते. त्यानंतर मात्र कमाई ठरावीक मर्यादेपलीकडे गेली (२०२५ मध्ये दृष्टिहीन नसलेल्यांसाठी दरमहा १,६२० डॉलर), की अल्पशा सवलतीनंतर संपूर्ण भत्ता थांबतो. मर्यादा एका डॉलरने ओलांडली तरीही. कमाई घटल्यास ३६ महिन्यांच्या मुदतीत तो पुन्हा सुरू होऊ शकतो, हे खरे. परंतु कमाईची नोंद कार्यालयात उशिरा झाली, तर जादा दिलेल्या रकमेच्या वसुलीचे पत्र येते. अशा पत्राची धास्ती घेणाऱ्यास कामचुकार म्हणणे अन्यायाचे ठरेल.

तथापि सर्व दोष या हिशेबाच्या माथी मारणाऱ्यांशीही प्रस्तुत लेखिका सहमत नाही. १९९९ च्या याच कायद्यानुसार ‘बॉन्ड’ नावाचा प्रयोग २०११ पासून करण्यात आला. त्यात मर्यादेवरील दर दोन डॉलरच्या कमाईमागे भत्ता केवळ एका डॉलरने कमी होई. २०१८ च्या अंतिम मूल्यमापनात सरासरी कमाई लक्षणीय वाढल्याचे आढळले नाही.

सेवासंस्थांना मोबदला देण्याची पद्धतही सदोष होती. लाभार्थी भत्त्यातून बाहेर पडल्यावरच त्यांना बहुतांश रक्कम मिळे. साहजिकच संस्था फारशा पुढे आल्या नाहीत. २००८ मध्ये नियम बदलून आधीच्या टप्प्यांनाही मोबदला देण्यात आला. ही सुधारणा योग्यच. पण ती संस्थांसाठी होती. नोकरी सुटलेली, कौशल्य मागे पडलेले, मालकाशी संबंध तुटलेला, अशा अवस्थेत लाभार्थी तिकिटापर्यंत पोहोचतो. साहाय्याची निकड नोकरी डळमळू लागते तेव्हाची आहे, आणि तिकिटाची पात्रता आजही भत्ता मंजूर झाल्यानंतरच सुरू होते.