कॅमेरा मान फिरवतो तेव्हा

‘द पब्लिक एनिमी’ 1931 साली पडद्यावर आला तेव्हा अमेरिकेतली दारूबंदी उठायला अजून अडीच वर्षांहून जास्त अवकाश होता. आपण तो जुन्या काळाची गोष्ट म्हणून पाहतो. त्या प्रेक्षकांसाठी मात्र पडद्यावरचा चोरट्या बिअरचा धंदा थिएटरबाहेरही जोरात चालू होता.

गोष्ट साधी आहे. शिकागोतला टॉम पॉवर्स आणि त्याचा दोस्त मॅट लहानपणी भुरट्या चोऱ्या करतात आणि दारूबंदी आल्यावर टोळीत शिरून पैसेवाले होतात. बंदी लागू होण्याची 1920 मधली रात्र दिग्दर्शक विल्यम वेलमननं झकास रंगवली आहे. दुकानातला माल संपायच्या आत लोक बाटल्या लुटल्यासारख्या नेताहेत. कुणी फुलांच्या गाडीतली फुलं रस्त्यावर फेकून तीत खोकी भरतंय, कुणी बाबागाडीत बाटल्या निजवतंय. कायदा का फसणार, हे सांगायला पुढे एकाही संवादाची गरज उरत नाही.

पण हा चित्रपट मी मानतो तो वेगळ्याच गोष्टीसाठी. टॉम जीव घेतो तेव्हा वेलमनचा कॅमेरा बहुतेक वेळा मान फिरवतो.

पटी नोजचा प्रसंग पाहा. यानंच पोरांना चोरीची दीक्षा दिली आणि ऐन वेळी त्यांना वाऱ्यावर सोडून पळाला. काही वर्षांनी दोघं त्याला गाठतात. तो गयावया करतो, जुन्या दिवसांची आठवण काढतो आणि पियानोवर बसून पोरांना तेव्हा ऐकवायचा तेच चावट गाणं म्हणू लागतो. टॉम त्याच्या मागे उभा आहे. इथे कॅमेरा हळूच सरकून दाराजवळच्या मॅटवर येतो. गाणं चालू आहे. गोळीचा आवाज, पियानोच्या पट्ट्यांवर काहीतरी आदळल्याचा बेसूर गोंगाट, मग काही नाही. आपल्याला दिसतो तो फक्त मॅटचा चेहरा. आणि टॉम? तो मैत्रिणीला फोन करायचं म्हणत सहज निघून जातो. बोलपट येऊन जेमतेम चार वर्षं झाली होती. बरेच दिग्दर्शक आवाजाचा उपयोग नटांना बोलतं ठेवायला करत होते, तेव्हा वेलमन प्रेक्षकांना कानांनी पाहायला लावत होता.

मॅटच्या मृत्यूआधीही तो कानालाच फसवतो. रस्त्यावर कोळसा ओतला जातो, त्या खडखडाटानं दोघं दचकतात, मग स्वतःलाच हसतात. पुढच्याच क्षणी खरी मशीनगन धडधडते. शेवटाकडे मुसळधार पावसात टॉम एकटाच शत्रूच्या अड्ड्यात शिरतो आणि कॅमेरा बाहेर भिजत थांबतो. गोळ्या, किंकाळ्या, शांतता. मग टॉम झोकांड्या खात बाहेर येतो आणि आपण समजत होतो तेवढे खमके नाही, असं पुटपुटत गटाराशी कोसळतो.

टॉमनं केलेली एक हिंसा मात्र वेलमन भर उजेडात दाखवतो: न्याहारीच्या टेबलावर टॉम अर्धं कापलेलं ग्रेपफ्रूट त्याच्या मैत्रिणीच्या, किटीच्या तोंडावर दाबतो. किटीचं काम करणाऱ्या मे क्लार्कचं नाव याच एका क्षणामुळे लोकांच्या लक्षात राहिलं. हे दृश्य विनोदी म्हणून सांगितलं जातं, ते मला कधीच पटलं नाही. खुनांना आडोसा देणाऱ्या चित्रपटात घरातला हा अपमान उघड्यावर आहे, म्हणूनच तो अंगावर येतो.

जेम्स कॅग्नीला आधी मॅटची भूमिका दिली होती. त्याचं काम पाहून वेलमननं नायक आणि दोस्त यांची अदलाबदल केली. बालपणाचं चित्रण मात्र तसंच ठेवलं, त्यामुळे लहानपणीचा टॉम आणि मोठा टॉम यांचा मेळ बसत नाही. तिकडे दुर्लक्ष करावं. कॅग्नी हा नाचणारा माणूस. टॉमची दुसरी मैत्रीण झालेल्या जीन हार्लोची गाडी निघून गेल्यावर फुटपाथवर तो जी छोटीशी गिरकी घेतो, तिच्यात त्या गुंडाचा सगळा तोरा आहे. त्या मानानं हार्लोचं काम मात्र लाकडी वाटतं.

एक भाऊ सरळमार्गी, दुसरा गुन्हेगार आणि मध्ये आई, म्हटल्यावर आपल्याला ‘दीवार’ आठवणारच. पण ‘दीवार’मधली आई निवड करते, ही करत नाही. तिला वाईट मुलगाच जरा जास्त लाडका आहे, आणि चित्रपट त्याबद्दल तिला बोल लावत नाही. युद्धावरून परतलेला मोठा भाऊ टेबलावरच्या बिअरच्या पिंपात माणसांचं रक्त आहे म्हणून ओरडतो, तेव्हा टॉम त्याला सुनावतो की तुझी पदकंही जर्मनांचे हात हातात धरून मिळालेली नाहीत. स्टुडिओनं आरंभी आपण गुन्हेगाराचं उदात्तीकरण करत नसल्याची पाटी लावली आहे. या एका उत्तरापुढे ती पाटी फिकी पडते.

पुढे पुनर्प्रदर्शनाच्या वेळी हॉलिवूडच्या नीतिसंहितेपायी काही प्रसंग कापले गेले होते. ते परत जोडलेली प्रत आता मिळते. पाहायचा तर तीच पाहा, आणि आवाज चांगला मोठा ठेवा.