चित्रपटातील चुका : वजन कसे करावे?

चित्रपटातील चुकांचे ढोबळमानाने दोन प्रकार मानता येतात. पहिला सलगतेच्या चुकांचा. एका शॉटमध्ये अर्धा असलेला पेला पुढच्या शॉटमध्ये काठोकाठ भरलेला दिसतो. दृश्ये कथेच्या क्रमाने चित्रित होत नसल्याने असे घडते आणि ते टाळण्यासाठी सेटवर कंटिन्युइटीची नोंद ठेवणारा सहायक असतो. दुसरा प्रकार वस्तुस्थितीच्या चुकांचा. पेल्याची चूक क्षणभर खटकते. वस्तुस्थितीची चूक प्रेक्षक ‘माहिती’ म्हणून घरी नेतो. म्हणून या टिपणात दुसऱ्या प्रकाराचा विचार केला आहे. सर्वांत सहज सापडणारी चूक बहुधा सर्वांत हलकी असते, हे त्यातील मुख्य प्रतिपादन. पुढील चार उदाहरणे चढत्या वजनाने मांडली आहेत.

१. वस्तूची चूक

डिसेंबर २०२२ मध्ये महेश मांजरेकर दिग्दर्शित ‘वेडात मराठे वीर दौडले सात’ या नियोजित चित्रपटाची झलक प्रसिद्ध झाली. शिवाजी महाराजांच्या भूमिकेतील अक्षय कुमार ज्या दृश्यात दिसतात, त्यात झुंबरावर विजेचे दिवे होते. महाराजांचे निधन १६८० मधले, तर एडिसनचा दिवा १८७९ मधला. दोनशे वर्षांचे हे अंतर कोणालाही कळते, त्यामुळे थट्टा भरपूर झाली. मात्र शिवकाळात वीज होती, असा समज ते दृश्य पाहून कोणाचाही होणार नाही. ही निष्काळजीपणाची खूण आहे. इतिहासाचा विपर्यास नव्हे.

२. नियमाची चूक

आशुतोष गोवारीकर यांच्या ‘लगान’ची (२००१) कथा १८९३ मध्ये घडते. त्यातील सामन्यात षटक सहा चेंडूंचे आहे. इंग्लंडमध्ये १८८९ ते १८९९ या काळात षटक पाच चेंडूंचे होते. ही चूक शोधायला क्रिकेटचा इतिहास माहीत असावा लागतो. पण पाच चेंडूंचे षटक दाखवले असते, तर आजचा प्रेक्षक ऐन रंगात आलेल्या सामन्यात बुचकळ्यात पडला असता. शिवाय लगानमाफीचा मूळ संघर्ष सहाव्या चेंडूने बदलत नाही. अशी चूक नोंदवावी, पण तिच्यावरून चित्रपट निकालात काढू नये.

३. जागेची चूक

खऱ्या जागी चित्रीकरण केले की दृश्य खरे ठरते, असा एक समज आहे. तो तपासण्यासाठी उत्तर दिल्लीतील टेकडीवरचे हिंदूराव रुग्णालय हे ठिकाण घ्या. तेथील जुना वाडा विल्यम फ्रेझर या इंग्रज अधिकाऱ्याचा. त्याचा १८३५ मध्ये खून झाल्यानंतर वाडा बायजाबाई शिंदे यांचे बंधू, कागलकर घाटगे घराण्यातील हिंदूराव यांच्याकडे आला आणि परिसराला त्यांचेच नाव चिकटले. १८५७ च्या दिल्ली वेढ्यात येथे इंग्रजांचे मोर्चे होते. समजा, त्या वेढ्यावर कोणी चित्रपट काढला आणि टेकडीवर रुग्णालयाजवळचा अशोकस्तंभ उभा दाखवला. जागा खरी, स्तंभ खरा. तरी दृश्य खोटे. कारण अठराव्या शतकाच्या आरंभी झालेल्या स्फोटात मोडलेला हा स्तंभ १८६७ मध्ये पुन्हा उभारला गेला. जवळचे अजितगढ हे स्मारकही १८६३ मधले. येथे प्रेक्षकाला हसू येणार नाही, उलट ‘किती अस्सल!’ असे वाटेल. म्हणूनच ही चूक विजेच्या दिव्याहून जड.

४. हेतूची चूक

गोवारीकर यांच्याच ‘पानिपत’मध्ये (२०१९) भरतपूरचा सूरजमल जाट आग्र्याच्या किल्ल्याची मागणी मान्य न झाल्याने मराठ्यांची साथ सोडतो, असे दाखवले होते. राजस्थानात त्यावर तीव्र आंदोलन झाले. निर्मात्यांनी सुमारे अकरा मिनिटांचा भाग कापला.

इतिहासात सूरजमल आणि सदाशिवरावभाऊ यांचे मतभेद अनेक बाबतींत होते. बायकामुले व जड सामान मागे ठेवावे, हा त्याचा सल्ला भाऊंनी मानला नाही. १७६० मध्ये दिल्ली हाती आल्यावर तिच्या कारभारावरूनही बिनसले. या सगळ्याचे रूपांतर एका किल्ल्याच्या सौद्यात झाले, की भाऊंच्या निर्णयांकडे बोट जात नाही. दोष मित्राच्या लोभावर जातो. याच सूरजमलाने जानेवारी १७६१ मधील पराभवानंतर परतणाऱ्या मराठ्यांना आश्रय, अन्न आणि वस्त्रे दिली, हे आठवले की चुकीचे वजन कळते. पडद्यावर मात्र खटकण्यासारखे काहीच नसते. पोशाख, किल्ला, तलवारी सारे जागच्या जागी असते.

येथे वादाची पद्धतही तपासायला हवी. आक्षेप समाजाच्या अस्मितेच्या नावाने घेतला गेला आणि उत्तर कात्रीने दिले गेले. कात्रीने आक्षेपार्ह भाग जातो, पण सूरजमल का परतला, या प्रश्नाचे उत्तर प्रेक्षकाला मिळत नाही. मराठी प्रेक्षकाने तर हा प्रश्न स्वतःहून विचारायला हवा होता. आपल्या नायकाला सोयीची असलेली चूक आपल्याला दिसत नाही. ती दाखवायला भरतपूरकर लागतात. समीक्षकाचे काम अशी सोयीची चूक आधी शोधण्याचे आहे.

स्वाध्याय : आपल्या आवडत्या ऐतिहासिक चित्रपटातील अशी एक चूक शोधा, जी दुरुस्त केली तर नायकाची बाजू कमकुवत होईल. ती कोणत्या साधनाच्या आधारे सिद्ध कराल, ते लिहा.