साक्षरता फुकट, पण हंगाम कोणाचा?

‘उल्लास’ नवभारत साक्षरता कार्यक्रमाला नावं ठेवायला मी उभा नाही. २०२२ ते २०२७ असा तो आखलेला आहे. पंधरा वर्षांपुढचा कोणीही निरक्षर माणूस शिकू शकतो, फी नाही, शिकवणारे स्वयंसेवक. चांगलंच आहे.

पण महाराष्ट्रात त्याची परीक्षा झाली १७ मार्च २०२४ ला. आता तेलगावहून बघा. इथं साखर कारखाना आहे, तरी या धारूर-वडवणी भागातली कितीतरी माणसं दिवाळीच्या आगेमागे पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात ऊसतोडीला जातात. परततात पाडव्याच्या सुमाराला. वर्गाचे दिवस फडावरच जातात, मग परीक्षा कोणासाठी?

दुसरं, आणि मला जास्त टोचणारं. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. त्याची उचल मुकादमाच्या वहीत. किती टन तोडले, किती फिटलं, हे जिला वाचता येत नाही, तिला अंगठ्याऐवजी सही शिकवली तर कर्जाची कबुली तेवढी पक्की होते! ज्ञान म्हणजे पडताळून बघता येणं, असं आम्ही तत्त्वज्ञानवाले म्हणतो. इथं ते टनात मोजता येतं.

जोतिबा-सावित्रीबाईंनी १८५५ मध्ये शेतकरी-मजुरांसाठी शाळा काढली, ती रात्रीची. मजूर दिवसा मोकळा नसतो, इतकं साधं त्यांना दिसलं होतं. आपणही वर्ग पावसाळ्यात, रात्री भरवा. तेव्हा गाव भरलेलं असतं. पहिला धडा वजनाच्या पावतीचा, दुसरा उचलीच्या वहीचा. मुकादम खरी वही देणार नाही. नमुन्याची आखून घ्या, साध्या कागदावर होते.