चूक आणि शैली : किनाऱ्यावरच्या महाविद्यालयातील इंग्रजी लेखन व साहित्य यांच्या अध्यापनाविषयी

जामसंडे-देवगड परिसरातील महाविद्यालयीन विद्यार्थी तीन भाषांच्या पायऱ्या चढून पदवीच्या वर्गात येतो. घरी मालवणी, शाळेत प्रमाण मराठी आणि परीक्षेत इंग्रजी. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकविले जाऊ लागले. त्यामुळे आज प्रथम वर्ष कलाशाखेत बसणाऱ्या विद्यार्थ्याच्या मागे इंग्रजीची किमान बारा वर्षे असतात. तरीही 'तुझ्या घराविषयी पाच वाक्ये लिही' असे सांगितल्यावर तो थबकतो. नोकरीचा अर्ज मात्र तो बिनचूक लिहितो, कारण अर्ज त्याला पाठ असतो. प्रस्तुत लेखात या विसंगतीचा विचार करावयाचा आहे. ही विसंगती विद्यार्थ्याच्या बुद्धीची नसून आपण इंग्रजीचे जे दोन तुकडे केले आहेत त्यांची आहे, असे माझे मत आहे.

पहिला तुकडा संवादकौशल्याचा. अर्ज, तक्रारपत्र, सारांशलेखन, मुलाखतीची तयारी यांचा त्यात समावेश होतो. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१३-१४ पासून कम्युनिटी कॉलेजची योजना राबविली, तेव्हापासून कौशल्य या शब्दाला अधिकच वजन आले. दुसरा तुकडा साहित्याचा. त्यात कविता, कादंबरी, नाटक आणि त्यांवरील आयत्या टिपणांचे पुस्तक येते. पहिल्या अभ्यासपत्रिकेत विद्यार्थी नमुना उतरवितो, दुसरीत टिपण उतरवितो. लेखन, म्हणजे स्वतःचे म्हणणे स्वतःच्या वाक्यात मांडणे, दोन्हींत होत नाही. मुंबई विद्यापीठात २०११-१२ पासून सत्रपद्धती आल्यावर अध्यापनाचे आठवडे आणखी तुटपुंजे झाले, हे खरे. परंतु सारा दोष वेळापत्रकावर ढकलणे सोयीचे असले तरी प्रामाणिक नव्हे.

अमेरिकेतील एका प्रयोगाची येथे आठवण होते. न्यूयॉर्क शहराच्या सिटी युनिव्हर्सिटीने १९७० मध्ये शहरातील शालान्त विद्यार्थ्यांना खुला प्रवेश दिला आणि ज्यांच्या घरी ग्रंथांची भाषा बोलली जात नव्हती असे हजारो तरुण वर्गांत आले. मिना शॉनेसी या प्राध्यापिकेने त्यांचे सुमारे चार हजार प्रवेश-निबंध तपासले व त्यांतून 'एरर्स अँड एक्स्पेक्टेशन्स' (१९७७) हा ग्रंथ सिद्ध झाला. चुका आळसातून वा मंदबुद्धीतून येत नाहीत, चुकांना स्वतःचे तर्कशास्त्र असते, हा त्यांचा निष्कर्ष. विद्यार्थी नियम मोडत नसतो. तो दुसराच कुठलातरी नियम पाळत असतो. शिक्षकाने आधी तो नियम शोधावा. आपल्याकडे उत्तरपत्रिकेवर लाल शाईची रेघ मारताना तिच्याखाली कोणता नियम दडला आहे हे आपण सहसा पाहत नाही.

एक साधे उदाहरण घेऊ. विद्यार्थी लिहितो, 'फीवर केम टू मी'. आपण रेघ मारतो. पण हे वाक्य कोठून आले? मराठीत ताप 'मला येतो', भूक 'मला लागते', गोष्ट 'मला आठवते'. अनुभव घेणारा माणूस आपल्या वाक्यात कर्ता म्हणून मिरवत नाही. तो चतुर्थीत उभा असतो आणि अनुभव त्याच्याकडे चालत येतो. मालवणीत 'माका' म्हणताना हेच घडते. इंग्रजीला मात्र कर्ता लागतो. हा भेद फळ्यावर दहा मिनिटांत मांडता येतो आणि एकदा कळला की विसरला जात नाही. विशेष असे की आयरिश भाषेतही भूक 'माझ्यावर असते', दुःख 'माझ्यावर असते'. म्हणजे कोकणातल्या मुलाची चूक ही जगातली एकाकी चूक नव्हे. युरोपच्या पश्चिम टोकाचा माणूसही आपली भाषा मागे ठेवून इंग्रजीत शिरला तेव्हा त्याच वळणाने शिरला.

आणि येथेच साहित्याचा तुकडा पहिल्या तुकड्याला येऊन मिळतो. जे. एम. सिंग यांची 'रायडर्स टु द सी' (प्रथम प्रयोग १९०४) ही एकांकिका भारतीय विद्यापीठांच्या अभ्यासक्रमांत अनेकदा नेमली गेली आहे. आयर्लंडच्या पश्चिमेकडील बेटावरची एक झोपडी, म्हातारी मोर्या, तिच्या दोन मुली आणि शेवटचा उरलेला मुलगा बार्टली. सासरा, नवरा, पाच मुलगे समुद्राने आधीच नेलेले. दूर डोनेगलच्या किनाऱ्याला लागलेल्या प्रेताचे कपडे मायकेलचे की नाहीत, हे बहिणी मोज्याच्या टाक्यांवरून ओळखतात, कारण तो मोजा त्यांच्यातल्याच एकीने विणलेला असतो. बार्टली घोडे घेऊन गॉलवेच्या बाजाराला निघतो, आई रागाच्या भरात त्याला आशीर्वाद देत नाही, आणि तोही परत येतो तो प्रेत होऊनच. शवपेटीसाठी पांढऱ्या फळ्या आणून ठेवलेल्या असतात. खिळे आणायचे मात्र म्हातारी विसरते. मला हे खिळे त्या एकांकिकेतील सर्वांत भेदक वस्तू वाटतात. इतकी मरणे पाहिलेली बाई खिळे विसरते, यावर टिपणांच्या पुस्तकांत बहुधा ओळभरही मजकूर नसतो. त्यांत 'निसर्ग विरुद्ध मानव' एवढे एक कलम असते आणि ते पाठ केले की दहा गुण पदरात पडतात.

नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहणाऱ्या किनाऱ्यावर ही एकांकिका शिकविताना कथानक समजावून सांगण्याची गरजच पडत नाही. परंतु माझा मुद्दा कथानकाच्या साम्याचा नाही. मुद्दा भाषेचा आहे. सिंग यांची पात्रे जी इंग्रजी बोलतात तिच्या अंगावर आयरिश वाक्यरचनेच्या खुणा आहेत. ज्या शब्दावर भर द्यायचा तो 'इट इज' लावून वाक्याच्या तोंडाशी येतो; नुकतीच घडलेली क्रिया 'आफ्टर' हा शब्द योजून सांगितली जाते. शालेय व्याकरणाच्या फूटपट्टीने मोजल्यास या वाक्यांखालीही लाल रेघ पडेल. आपण मात्र तिला 'शैली' म्हणतो आणि तिच्यावर प्रश्न काढतो. मग जामसंड्याच्या मुलाचे वाक्य चूक आणि सिंग यांचे वाक्य शैली, हे कसे?

या प्रश्नाचे उत्तर हळवेपणाने देऊ नये. 'मुलाचेही वाक्य शैलीच आहे' असे म्हणणे मुलाची फसवणूक करणे आहे. मुलाखतीच्या टेबलापलीकडचा माणूस तसे मानणार नाही. फरक निवडीचा आहे. सिंग यांना दोन्ही रचना ठाऊक होत्या आणि त्यांतून त्यांनी एक निवडली. १८९८ पासून ते अॅरन बेटांवर जाऊन राहिले, आयरिश शिकले, कान देऊन ऐकत राहिले. विद्यार्थ्यापुढे निवड नसते, कारण दुसरी वाट त्याला कोणी दाखविलेलीच नसते. चुकीपासून निवडीपर्यंतचा हा प्रवास घडविणे हेच लेखन शिकविणे होय, आणि त्यासाठी साहित्याइतके सोयीचे साधन दुसरे नाही. अर्जाच्या नमुन्यातून निवड शिकविता येत नाही. त्यात निवडण्यासारखे काही नसतेच.

वर्गात एक काम करून पाहण्याजोगे आहे. मोर्याचे शेवटचे भाषण आधी प्रमाण मराठीत उतरवावयास सांगावे, मग मालवणीत. प्रमाण मराठीत म्हातारी एकदम व्यासपीठावर चढते. 'पुत्र', 'सागर', 'शांती' असे शब्द आपोआप येऊ लागतात. मालवणीत 'झील' आणि 'दर्या' आले की ती पुन्हा चुलीपाशी बसते. त्यानंतर मूळ इंग्रजीकडे वळले की विद्यार्थ्याच्या लक्षात येते की सिंग यांनीही असाच निर्णय घेतला होता. शिवाय एरवी वर्गात खाली पाहून बसणाऱ्या मच्छीमार घरातल्या मुलीलाच येथे नेमका शब्द ठाऊक असतो. मालवणी रंगमंचावर आली ती प्रामुख्याने हशा घेऊन. गंगाराम गवाणकरांच्या 'वस्त्रहरण'ने (१९८०) तिला अफाट प्रेक्षक मिळवून दिले, पण मालवणी म्हणजे विनोद हे समीकरणही त्याबरोबर घट्ट झाले. शोकही त्या बोलीत मावतो, हे एखाद्या आयरिश एकांकिकेच्या निमित्ताने इंग्रजीच्या तासाला उमगावे, यात मला काहीच वावगे दिसत नाही.

याचा अर्थ अभ्यासक्रमात केवळ ओळखीचे तेच असावे असा नव्हे. वर्डस्वर्थच्या डॅफोडिलविरुद्ध बरेच लिहिले गेले आहे; न पाहिलेल्या फुलावर मुलांनी डोलायचे कशासाठी, हा आक्षेप जुनाच आहे. तो मला अर्धाच पटतो. मराठी वाचकाने चातक, राजहंस, चंदनवन यांपैकी प्रत्यक्ष किती पाहिले आहे? न पाहिलेली वस्तू कल्पनेने पाहणे हा तर वाचनाचा व्यवसायच आहे. अडचण फुलाची नाही, फुलावर विचारल्या जाणाऱ्या प्रश्नाची आहे. 'कवीचे निसर्गप्रेम स्पष्ट करा' हा प्रश्न सुरंगीच्या गजऱ्यावर लिहिलेल्या कवितेचीही तीच दशा करील.

या संदर्भात आपल्याच तालुक्यातील एका इंग्रजीच्या प्राध्यापकाचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. विंदा करंदीकर १९१८ मध्ये देवगड तालुक्यात जन्मले व मुंबईत त्यांनी दीर्घकाळ इंग्रजी शिकविले. अॅरिस्टॉटलचे काव्यशास्त्र त्यांनी १९५७ मध्ये मराठीत आणले, नंतर गटेचा 'फाउस्ट' आणि १९७४ मध्ये 'राजा लिअर'. ज्ञानदेवांच्या 'अमृतानुभवा'चे अर्वाचीनीकरण करणारा हातही तोच, आणि स्वतःच्या कविता इंग्रजीत नेणाराही तोच. २००३ चा ज्ञानपीठ पुरस्कार त्यांना मिळाला. आमचे विद्यार्थी त्यांना मराठीच्या अभ्यासपत्रिकेत भेटतात. इंग्रजीच्या तासाला त्यांचे नाव क्वचितच निघते. जणू लिअर मराठीत आणणे ही मराठी विभागाची घरगुती बाब आहे.

भालचंद्र नेमाडे यांनीही आयुष्यभर इंग्रजी शिकविले आणि देशीवादाच्या भूमिकेवरून इंग्रजीच्या वर्चस्वाची कठोर चिकित्सा केली. ती वाचून अस्वस्थ न होणारा इंग्रजीचा प्राध्यापक विरळा. तथापि त्या चिकित्सेतून ग्रामीण महाविद्यालयात उद्या सकाळी दहाच्या तासाला काय करावे, हे हाती लागत नाही. ते विंदांच्या टेबलावर सापडते. डावीकडे इंग्रजी पुस्तक, उजवीकडे मराठी वही, आणि मध्ये एकेका शब्दाशी चाललेली झटापट. विद्यार्थ्याच्या बाबतीत त्या वहीशेजारी मालवणीचे आणखी एक पान हवे. विंदांनी लिअरसाठी ते पान उघडले नाही, आणि तो त्यांचा अधिकार होता.

आता उरते ती परीक्षा. मोर्याच्या भाषणाचा मालवणी अनुवाद आणि 'हाच शब्द का निवडला' याचे इंग्रजीत लिहिलेले दहा वाक्यांचे स्पष्टीकरण, असा प्रश्न अंतर्गत मूल्यमापनात घालावयास कोणत्याही नियमाची आडकाठी असू नये. त्या दहा वाक्यांत चुका असतील. पण ते स्पष्टीकरण टिपणांच्या कोणत्याही पुस्तकात छापलेले नसेल, आणि 'झील' या शब्दाला किती गुण द्यायचे हे परीक्षकाला त्या दिवशी स्वतःच ठरवावे लागेल.