सहा बंबवाले आणि तेरा हजार नावं

नोव्हेंबरमधल्या एका संध्याकाळी इंग्लंडमधल्या एका पबच्या क्विझला बसलो होतो. तिथे हे प्रकरण फार गांभीर्याने घेतात. चार-पाच जणांची टीम, एक कागद, एक पेन्सिल, आणि मोबाइल खिशात. पहिला राउंड युद्धस्मृतींचा, दुसरा लहान मुलांच्या जुन्या टीव्ही मालिकांचा.

पहिल्या राउंडला सगळे डोकं खाजवत होते. दुसऱ्यात प्रश्न आला, ‘ट्रम्टनच्या फायर ब्रिगेडमधल्या सहा जणांची नावं लिहा.’ लिहितो कोण! पन्नाशी-साठीतली मंडळी मोठ्याने म्हणायलाच लागली. पुग आडनावाचे जुळे भाऊ, बार्नी मॅग्रू, कथबर्ट, डिबल, ग्रब. ‘ट्रम्टन’ ही १९६७ सालची बाहुल्यांची मालिका, भाग अवघे १३. बंबवाल्यांचा कॅप्टन फ्लॅक पुन्हा पुन्हा हजेरी घ्यायचा, म्हणून ती नावं डोक्यात बसली ती बसलीच.

पहिल्या राउंडमध्ये माझं एकच उत्तर बरोबर आलं. लंडनमधल्या सेनोटाफचा वास्तुरचनाकार कोण? एडविन ल्युटेन्स. हे मला स्पर्धा परीक्षेच्या गाइडमुळे माहीत, कारण दिल्लीचं इंडिया गेटही त्याचंच. ते पहिल्या महायुद्धात आणि तिसऱ्या अफगाण युद्धात मेलेल्या सैनिकांचं स्मारक आहे. त्यावर तेरा हजारांहून जास्त नावं कोरलेली आहेत. त्यातलं एकही मला येत नाही. बार्नी मॅग्रू मात्र आता पाठ आहे.

क्विझ म्हणजे उथळ ज्ञान, असं म्हणणं सोपं आहे, पण मला ते पटत नाही. एका ओळीच्या उत्तरामागे केवढं तरी असू शकतं. उदाहरणार्थ, ट्रम्टनचे बंबवाले एकदाही आग का विझवत नाहीत? कारण एकेक फ्रेम हलवून केलेल्या ॲनिमेशनमध्ये ज्वाळा आणि पाणी दाखवणं फार कठीण. एवढ्या उत्तरात त्या मालिकेची अख्खी कारागिरी कळते. तसंच सेनोटाफबद्दल विचारता येईल, की १९१९ मध्ये तो कशाचा होता? लाकूड आणि प्लास्टरचा. विजयाच्या संचलनापुरता उभा केलेला सांगाडा होता तो. पण लोक येऊन फुलं ठेवत राहिले, आणि १९२० मध्ये त्याच जागी दगडाचा उभा करावा लागला. सेनोटाफ म्हणजे रिकामी कबर. ज्यांच्या मुलाचा देह परत आलाच नव्हता, त्यांना फुलं ठेवायला निदान एक जागा मिळाली.

त्या रात्री असं काही विचारलं नाही. विचारलं काय, तर कोटावर लावायच्या लाल पॉपीची (आपल्या खसखशीच्या जातभाईची) प्रथा ब्रिटनमध्ये कोणत्या साली सुरू झाली. १९२१. झालं, पुढचा प्रश्न! १९३३ पासून युद्धाला विरोध म्हणून काही जण पांढरी पॉपी लावतात, हे कुठेच नाही. आठवण कशी ठेवायची यावर त्या देशात भांडण आहे, आणि क्विझला भांडण चालत नाही. तिला एकच बरोबर उत्तर लागतं.

माझी खरी तक्रार पुढे आहे. दुसऱ्या राउंडमध्ये ‘बॅगपस’वर प्रश्न होता. बॅगपस म्हणजे १९७४ सालच्या मालिकेतलं कापडी, ढिलं, गुलाबी पट्ट्यांचं मांजर. ते एका दुकानात राहतं, पण तिथे काहीच विकत नाहीत. एमिली नावाची मुलगी हरवलेल्या, मोडक्या वस्तू आणते, दुकानातली खेळणी त्या दुरुस्त करतात, गोष्ट सांगतात आणि मालकाला दिसावी म्हणून वस्तू खिडकीत ठेवतात. प्रश्न काय, तर मांजराचे पट्टे मुळात कोणत्या रंगाचे होणार होते! (नारिंगी. कापड रंगवताना चूक झाली.)

हे मांजर ऑलिव्हर पोस्टगेट आणि पीटर फर्मिन यांचं. दुसऱ्या महायुद्धात पोस्टगेटला सैन्यात बोलावलं तेव्हा त्याने गणवेश घालायला नकार दिला. लष्करी कोर्टाने त्याला तुरुंगात पाठवलं. पहिल्या महायुद्धात त्याचे वडीलही अशाच नकारापायी तुरुंगात गेले होते. लढायला नाही म्हणणाऱ्या माणसाने पुढे हरवलेल्या वस्तू जपणारं दुकान रचलं. हे कळल्यावर मला ‘बॅगपस’ आधीसारखं बघता येत नाही.

निघताना क्विझमास्तरला चिठ्ठीवर एक प्रश्न लिहून दिला, की मुलांसाठी मालिका करणारा कोणता माणूस युद्धाला नकार दिल्याबद्दल तुरुंगात गेला होता? त्याने वाचली, उत्तर विचारलं, ‘अरे, खरंच?’ म्हणाला. मग दोन्ही राउंडचे कागद हातात धरून विचारतो, ‘पण हा टाकू कुठल्या राउंडमध्ये?’