‘कर्ज’ या शब्दाचा बाजारभाव

शोधयंत्रावर लोक कोणते शब्द किती वेळा शोधतात, यावरून शेअरबाजाराची पुढील चाल ओळखता येते, असे प्रतिपादन करणारा टोबायस प्राइस, हेलन मोट व युजीन स्टॅन्ली यांचा निबंध एप्रिल २०१३ मध्ये ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. तीच पद्धत उचलून मराठी शब्दांच्या आधारे शेतमालाच्या भावांचा अभ्यास करण्याचा मोह आपल्या विद्यार्थ्यांना होणे स्वाभाविक आहे. तो मोह कितपत बाळगावा, याचा विचार येथे करावयाचा आहे.

निबंधाची रीत साधी आहे. लेखकांनी ९८ शब्द निवडले. एखाद्या शब्दाचा शोध मागील तीन आठवड्यांच्या सरासरीहून वाढला, तर पुढील आठवड्याच्या आरंभी डाऊ जोन्स निर्देशांक विकावयाचा. घटला, तर विकत घ्यावयाचा. २००४ ते २०११ या काळात ‘कर्ज’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दावर असा व्यवहार केला असता, तर शेकडा ३२६ नफा झाला असता. नुसती खरेदी करून स्वस्थ बसणाऱ्यास शेकडा १६ मिळाले असते. भय वाटले म्हणजे मनुष्य आधी माहिती शोधतो व मग विकतो, अशी लेखकांची उपपत्ती आहे. तीत तथ्य नाही असे कोणी म्हणणार नाही. अमेरिकेतील बाजारासाठी साऱ्या जगातील शोधांपेक्षा अमेरिकेतील शोध अधिक उपयोगी ठरतात, ही त्यांची नोंद तर फार मोलाची आहे.

तथापि दोन आक्षेप टाळता येत नाहीत. पहिला निवडीचा. ९८ शब्दांतील सर्वांत फलदायी शब्द कोणता, हे काळ लोटल्यानंतर कळले. आरंभी कोणास ठाऊक होते? शिवाय खरेदीविक्रीचा खर्च हिशेबात धरलेला नाही. डेमियन शाले व अहमद बेल हाज आयेद यांनी त्याच वर्षी दुखणी, जुन्या मोटारी व यंत्रावरील खेळ यांची नावे घेऊन हाच प्रयोग केला, तेव्हा तशीच फळे हाती आली. मोटारीच्या नावाने जर बाजार ‘कळत’ असेल, तर ‘कर्ज’ या शब्दाने लोकमन कळले, हे म्हणणे लंगडे पडते.

दुसरा आक्षेप अर्थाचा, आणि आपल्या दृष्टीने तोच महत्त्वाचा. धाराशिव जिल्ह्यातील लोहारा तालुक्यातले सास्तूर घ्या. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपामुळे हे नाव बाहेर माहीत झाले. पण तेथील कुणब्याचे वर्ष सोयाबीन व तुरीच्या भावावर चालते. तेथे कोणी ‘कर्ज’ हा शब्द शोधला, तर तो कशासाठी? २०१७ च्या जूनमध्ये व २०१९ च्या डिसेंबरमध्ये राज्य शासनाने कर्जमाफी जाहीर केली. अशा वेळी हा शब्द शोधणाऱ्याच्या मनात भय नसून आशा असते. शब्द तोच, चिन्ह मात्र उलटे. शब्दाचा समाजातील अर्थ ठरविल्यावाचून त्याची संख्या मोजणे म्हणजे माप न पाहता धान्य मोजणे होय.

कार्यकारणाचाही विचार हवा. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्र शासनाने कच्च्या खाद्यतेलावरील मूळ आयातशुल्क शून्यावरून शेकडा २० केले. अशा निर्णयाने भावही हलतो आणि भावाची चौकशीही वाढते. दोन्ही एकाच कारणाची फळे असताना एकास दुसऱ्याचे भाकीत मानणे ही तर्काची चूक आहे.

आणखी एक गोष्ट. गूगल शोधांची खरी संख्या देत नाही. शून्य ते शंभर असे सापेक्ष प्रमाण देते व फार थोडे शोध असले, तर शून्य दाखविते. लहान गावाची चौकशी अशा शून्यात सहज नाहीशी होते. ती चौकशी बहुधा आडत्याला केलेल्या फोनवरून होते, आणि तिची नोंद कोणत्याच यंत्रात नसते. हे शून्य म्हणजे औदासीन्य असे समजणारा संशोधक पुणे-मुंबईच्या जिज्ञासेलाच मराठवाड्याचे मन म्हणेल.

हा केवळ पद्धतीचा वाद नव्हे. डिसेंबर २०२१ मध्ये सेबीने सोयाबीनचे वायदेव्यवहार स्थगित केले व पुढे ती मुदत वाढविली. पुढील भावाचा अंदाज देणारे एक साधन असे दूर झाले असता, कोणी असला निर्देशांक शेतकऱ्यापुढे ठेवला, तर त्यावर विसंबून तो माल घरात ठेवील किंवा घाईने विकील. २०२४-२५ साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता, आणि त्या हंगामात बाजारातला भाव त्याहून खाली गेला. अशा वेळी चुकीच्या भाकिताची किंमत संशोधक देत नाही.

म्हणून या विषयात उतरू इच्छिणाऱ्याने प्रथम बाजार समितीच्या आवारात जावे, लोक कोणत्या शब्दांत भाव विचारतात ते टिपावे, शब्द आधी निश्चित करावेत आणि परीक्षा पुढील हंगामावर घ्यावी. इतके केल्यावर नफा शेकडा ३२६ न निघता तीन निघाला, तरी तो निष्कर्ष अधिक विश्वसनीय होईल.