स्मृतिध्वज आणि विद्यापीठ : एक परामर्श

ध्वजांचे स्थूलमानाने दोन प्रकार करता येतात. राजध्वज हा सत्तेचे चिन्ह असतो. सत्ता गेली की तो उतरतो. स्मृतिध्वजाला सत्तेचा आधार नसतो. जे त्याला खांद्यावर घेतात त्यांच्या निष्ठेवरच तो टिकतो. हा भेद ध्यानी घेतल्यावाचून विद्यापीठाचे नाव आणि त्याच्या महोत्सवांतील पताका ह्यांचे मूल्यमापन यथार्थ होणार नाही. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या बाबतीत तर हे विशेषच खरे आहे. कारण स्मृतिध्वजांची परंपरा त्याच्या कार्यक्षेत्रातच नांदत आली आहे.

सांगली जिल्ह्यातील कडेगावचा मोहरम हे तिचे ठळक उदाहरण होय. इ. स. ६८० मधील करबलाच्या रणात हजरत अब्बास हे इमाम हुसेन ह्यांचे ध्वजधारी होते. दख्खनच्या मोहरमातील अलम आणि पंजे ही त्याच निशाणाची स्मृती. कडेगावात ह्या स्मृतीला गगनचुंबी ताबुतांची जोड मिळाली. बांबूचे सांगाडे कागदाने मढवून ते दरवर्षी नव्याने बांधले जातात. त्यांतील काहींचा मान हिंदू घराण्यांकडे आहे आणि ताबुतांच्या भेटी हा सोहळ्याचा कळस मानला जातो. येथे जुनी वस्तू जपली जात नाही. ती घडविण्याचे कर्तव्य जपले जाते.

ह्याच परिसराने दुसरा ध्वजही पाहिला. १९४२ मध्ये सांगली हा स्वतंत्र जिल्हा नव्हता. हा मुलूख सातारा जिल्ह्यात मोडत असे. त्या वर्षी ३ सप्टेंबरला तासगावच्या कचेरीवर मोर्चेकऱ्यांनी तिरंगा फडकविला. ९ सप्टेंबरला वडूजच्या मोर्चावर गोळीबार झाला आणि हाती तिरंगा घेतलेले परशुराम घार्गे हुतात्मा झाले. त्या क्षणी तिरंगा राजध्वज नव्हता. पाच वर्षांनी तो राष्ट्रध्वज झाला. तथापि वडूजला तो आजही मुख्यतः स्मृतिध्वज आहे. एकच कापड प्रसंगपरत्वे दोन्ही अर्थ धारण करू शकते, हे येथे दिसते.

१८ नोव्हेंबर १९६२ रोजी राष्ट्रपती डॉ. राधाकृष्णन ह्यांच्या हस्ते शिवाजी विद्यापीठाचे उद्घाटन झाले. ‘ज्ञानमेवामृतम्’ हे त्याचे ब्रीद. विद्यापीठापुरते पाहता त्याचे नाव हाच त्याचा पहिला स्मृतिध्वज होय. अलीकडे हे नाव ‘छत्रपती शिवाजी महाराज विद्यापीठ’ असे विस्तारावे, अशी मागणी पुढे आली. लांब नावाचे आद्याक्षरांत रूपांतर होऊन मूळ नावच लोपते, असे विरोधकांचे म्हणणे. मागणीमागील आदरभाव निःसंशय आहे, आणि आक्षेपही व्यवहाराला धरून आहे. परंतु दोन्ही पक्ष ध्वजाची लांबी मोजतात. तो कोणी व कशाच्या बळावर पेलावयाचा, हा प्रश्न तसाच राहतो.

ह्या प्रश्नाचे एक उत्तर पहिले कुलगुरू डॉ. आप्पासाहेब पवार ह्यांनी कृतीने दिले होते. इतिहासकार असलेल्या पवारांनी ‘ताराबाईकालीन कागदपत्रे’ संपादित केली आणि विद्यापीठाने ती प्रसिद्ध केली. महाराजांच्या स्नुषेच्या कारकिर्दीचे अस्सल पुरावे अभ्यासकांच्या हाती देणे, ही महाराजांच्या नावाची खरी उभारणी. महोत्सवी पताका समारंभ संपताच उतरतात. संपादित कागद मात्र पुढच्या पिढीच्या टीकेला सामोरा जातो, प्रसंगी खोडलाही जातो, आणि त्यामुळेच जिवंत राहतो.

ह्याच कसोटीवर विद्यापीठाची पुढील वाटचाल तोलली पाहिजे. केवळ दप्तरखान्यातील कागद हीच साधनसामग्री, असे मानून भागणार नाही. कडेगावच्या ताबुतांचे मानपान, त्यांची बांधणी, कारागिरांची परिभाषा, वडूज-तासगावच्या मोर्चांच्या कुटुंबांतून सांगितल्या जाणाऱ्या हकिकती, हेही इतिहासाचेच दप्तर आहे. आणि ते माणसांबरोबर संपणारे आहे. ताबूत दरवर्षी बांधावा लागतो, हे कडेगावकर जाणतात. नावही दरवर्षी बांधावे लागते, हे विद्यापीठांनी जाणणे अगत्याचे आहे.